‘रेडिएशन डॅमेज’: किरणोत्सर्ग, प्रारण आणि विस्थापन

कराडच्या कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एका बाईंनी विचारले आहे की, जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतील सिलिकॉनच्या कणशोधकांवर (आरपार जाणाऱ्या सूक्ष्म कणांची नोंद घेणाऱ्या उपकरणांवर) विद्यार्थ्यांसाठी मराठीत टिपण लिहिताना ‘रेडिएशन डॅमेज’ला ‘किरणोत्सर्गामुळे होणारी हानी’ म्हणावे का, आणि त्याच ओघात येणाऱ्या ‘डिस्प्लेसमेंट’, ‘व्हेकन्सी’ व ‘ॲनीलिंग’ या शब्दांचे काय करावे.

पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर ‘म्हणू नये’ असे आहे. अस्थिर अणुकेंद्रक आपणहून फुटते आणि त्यातून कण किंवा किरण बाहेर पडतात, त्या घटनेला आपण किरणोत्सर्ग म्हणतो. सर्नच्या लार्ज हेड्रॉन कोलायडर या कणांची टक्कर घडवणाऱ्या यंत्रात मात्र शोधकावर आदळणारे बहुतेक कण प्रोटॉनांच्या टकरींतून जन्मलेले असतात. तेथे ‘किरणोत्सर्ग’ लिहिले, तर विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढे युरेनियम उभे राहील. ‘विकिरण’ हिंदीत या अर्थाने रुळला आहे, पण मराठीत तो प्रकाश विखुरण्यासाठीही वापरला जात असल्याने घोटाळा होतो. ‘प्रारण’ हा शब्द मुलांनी शाळेतच ‘वहन, अभिसरण, प्रारण’ या त्रयीत पाठ केलेला असतो. तो उष्णतेपुरता वाटला, तरी वेगवान कणांच्या झोतालाही लावता येतो, हे एका वाक्यात सांगून ‘प्रारणजन्य हानी’ असे लिहावे.

‘झीज’ हा शब्द कोणी सुचवेल, पण तो मला पटत नाही, कारण येथे पृष्ठभागावरून काही घासले जात नाही. सिलिकॉनचे अणू स्फटिकाच्या जालकात ठरलेल्या जागी बसलेले असतात. आदळलेल्या कणाकडून एखाद्या अणूला सुमारे 25 इलेक्ट्रॉन व्होल्ट (अणूंच्या पातळीवर ऊर्जा मोजण्याचे एकक) किंवा अधिक ऊर्जा मिळाली, की तो जागेवरून उखडला जातो आणि इतर अणूंच्या मधल्या सांदीत जाऊन अडकतो. 10 लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचा न्यूट्रॉन समोरासमोर धडकला, तर तो अणूला त्यातली जास्तीत जास्त सुमारे 13 टक्के ऊर्जा देऊ शकतो, म्हणजे उखडलेला अणू स्वतःच पुढे कित्येकांना उखडत जातो. यासाठी ‘विस्थापन’ हाच शब्द घ्यावा. यंत्रशास्त्रात तो सरळ रेषेतील अंतरासाठी वापरतात खरा, पण कराड-पाटणच्या विद्यार्थ्याला त्याचा दुसरा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. कोयनेच्या पाण्याखाली गाव गेले, मूळ जागा रिकामी झाली आणि माणसे परक्या मुलखात जाऊन वसली, हे त्याने आजी-आजोबांकडून ऐकलेले असते. उखडलेला अणू एकाच वेळी दोन दोष निर्माण करतो, मागे सुटलेली जागा आणि नव्या जागी झालेली अडचण, हे त्या शब्दातच आलेले आहे.

खरी काळजी घ्यायची ती ‘व्हेकन्सी’पाशी. तिला ‘पोकळी’ म्हटले आणि अर्धवाहकातील ‘होल’लाही पोकळी म्हटले, तर सगळा विषय उलटा समजेल. होल म्हणजे इलेक्ट्रॉनाची रिकामी जागा. 300 मायक्रॉन जाडीच्या सिलिकॉनच्या चकतीतून एक वेगवान विद्युतभारित कण आरपार गेला, की इलेक्ट्रॉन-होलच्या साधारण 22 हजार जोड्या तयार होतात; एका जोडीला जेमतेम 3.6 इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात. या जोड्या विद्युतक्षेत्रात वाहून जातात, त्यांच्यामुळेच कणाचा संकेत मिळतो आणि जालकाला त्यांचा उपद्रव होत नाही. व्हेकन्सीत मात्र अख्खा अणूच जागेवर नसतो. म्हणून ‘होल’ तसेच ठेवावे आणि व्हेकन्सीला ‘अणुरिक्ती’ म्हणावे. शब्द नवा आहे, पण त्यात ‘अणू’ आल्यामुळे चूक होत नाही.

जालकातील या दोषांमुळे गळतीचा प्रवाह, म्हणजे कण आलेला नसतानाही वाहणारा नको असलेला विद्युतप्रवाह, वाढतो, संकेताचे इलेक्ट्रॉन वाटेत अडकतात आणि शोधक पूर्ण क्षमतेने चालवायला लागणारा व्होल्टेज बदलतो. ‘गळती’ आणि ‘सापळा’ हे शब्द येथे बिनदिक्कत वापरावेत.

‘ॲनीलिंग’ला धातुविद्येत ‘अनुशीतन’ म्हणतात, कारण तेथे तापवलेला धातू सावकाश थंड होऊ देतात. सिलिकॉनच्या बाबतीत ‘शीतन’ वाचून मुलांची गल्लत होईल. येथे उबेने दोष जागचे हलतात, काही एकमेकांना भेटून नाहीसे होतात आणि गळती कमी होते. पण तीच ऊब फार काळ मिळाली, तर दोषांच्या नव्या जुळण्या होऊन लागणारा व्होल्टेज पुन्हा वाढू लागतो. म्हणूनच हानी झालेले शोधक यंत्र बंद असतानाही शक्यतो थंड ठेवतात. तेव्हा बाईंनी ‘ॲनीलिंग’ हाच शब्द ठेवावा आणि पहिल्या वापराच्या वेळी ‘उबेमुळे होणारी दोषांची फेरजुळणी’ एवढे पुढे जोडावे.