अनामत खर्चात धरलीस?

"मॅडम, पोरगी नाटकाच्या नादाला लागायलीय. हिरॉईन व्हायचं म्हणली असती तर दोन वर्षांत आपोआप शहाणी झाली असती. ही म्हणते, मला स्टेजवर जायचंच नाही, मागं राहायचंय. मागं राहणाऱ्याला पगार कोण देतं?"

लेकीच्या करिअरबद्दल सल्ला विचारायला माझ्याकडे आलेले, जालन्याच्या मोंढ्यात आडतीवर मुनीम असलेले हे वडील. शेजारी लेक, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला, मान खाली घालून.

मी तिला विचारलं, शेवटचा प्रयोग आठवतो का? या वयाची मुलं बहुधा टाळ्यांबद्दल बोलतात. ती टेम्पोबद्दल बोलली. राज्य नाट्य स्पर्धेसाठी संभाजीनगरला येताना नेपथ्याचा टेम्पो बदनापूरजवळ बंद पडला. नेपथ्य लागल्याशिवाय लाइट लावता येत नाही म्हणून सगळे हातावर हात ठेवून बसले. हिनं खडूनं रंगमंचावर भिंती, दार, पलंगाच्या जागा आखून दिल्या आणि लाइटवाल्याला कामाला लावलं. सांगताना तिची मान वर आली होती.

ही आवड खोटी नव्हती. पण वडिलांची भीतीही खोटी नव्हती, आणि ते मी तिच्यासमोर स्पष्ट सांगितलं. मराठवाड्यात बरीच नाट्यगृहं महापालिका-नगरपालिकांची. तिथं कलाकेंद्र चालवण्याची पगारी नोकरी फार थोड्यांना मिळते. व्यावसायिक नाटकाचा कारभार मुंबई-पुण्याकडे. नाटकाच्या व्यवस्थापकाला बहुधा प्रयोगागणिक पैसे मिळतात, दौरा थांबला की आवक थांबली. 2020 मध्ये नाट्यगृहं बंद पडली, तेव्हा पडद्यामागच्या माणसांचे किती हाल झाले हे आपण पाहिलंय. मुंबईत 1978 पासूनचं पृथ्वी थिएटर, त्याआधी 1969 मध्ये स्थापन झालेली एनसीपीए ही नाटक-संगीताची मोठी संस्था, अशा ठिकाणी कार्यक्रम ठरवणं, तारखा, तिकीटविक्री, तांत्रिक बाजू अशी कायमस्वरूपी कामं असतात. तिथं करारपत्र वाचता येणारं, जमाखर्च कळणारं माणूस लागतं. बी.कॉम. वाया जात नाही, उलट नाटकवेड्यांच्या घोळक्यात तीच हिची जमेची बाजू आहे.

शिक्षणाचं म्हणाल तर संभाजीनगरच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग आहे, पुण्यात ललित कला केंद्र आहे. रंगमंचाची भाषा तिथं शिकावी. व्यवहार मात्र एखाद्या जुन्या व्यवस्थापकाच्या हाताखाली दौरे केल्याशिवाय कळत नाही, असं माझं ठाम मत आहे.

निर्णय त्या दिवशी घ्यायचा नाही असं ठरलं. तिला एकच काम दिलं: एका प्रयोगाचा पूर्ण हिशेब मांडून आण. भाडं, टेम्पो, लाइट, साउंड, रंगभूषा, जेवण, नाटकाची संहिता तपासणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र, आणि किती तिकिटं गेली तर पैसे सुटतील.

पंधरा दिवसांनी ती वही घेऊन आली. मी पानं उलटत होते, तेवढ्यात वडिलांनी हात पुढे केला. चष्मा लावला. बोट एकेका रकमेवरून खाली सरकत गेलं आणि थांबलं.

"नाट्यगृहाची अनामत खर्चात धरलीस? ती तर परत येती ना."

"नुकसान झालं तर कापतात, बाबा."

"मग वेगळी दाखव. अन् हे लाइटवाल्याचं उरलेलं कधी द्यायचं ठरलंय?"

"प्रयोग संपल्यावर. गेटवरच्या पैशातून."

"गेटवर नाही जमले तर?"

ती गप्प झाली. त्यांनी खिशातून पेन काढलं, वही स्वतःकडे ओढली आणि खुर्ची तिच्या जवळ सरकवली.