जर्मनीला आधी नवऱ्याने जावं की बायकोने? चाकणच्या एका जोडप्याला उत्तर

तुमचा प्रश्न नीट वाचला. तुम्ही चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत गिअरबॉक्सचे डिझाइन इंजिनियर, वय ३१. पत्नी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झालेली, पिंपरीच्या खाजगी हॉस्पिटलात सहा वर्षं नर्स. मुलगी तीन वर्षांची. एजंटचा सल्ला असा की तुम्ही आधी चान्सेनकार्टवर, म्हणजे नोकरी शोधायच्या व्हिसावर, स्टुटगार्टला जायचं, नोकरी पटकवायची आणि मग दोघींना बोलावून घ्यायचं. फी साडेचार लाख. आणि तुम्हाला पडलेलं कोडं हे की एकीकडे जर्मनीला माणसं मिळत नाहीत म्हणतात, दुसरीकडे रोज कपातीची बातमी. मग खरं काय मानायचं?

दोन्ही खरं आहे. माणसं कमी पडतात ती एका ठिकाणी आणि नोकऱ्या जातात त्या दुसऱ्या ठिकाणी, आणि तुमच्या घरात एकजण इकडचा आहे, एकजण तिकडचा. म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो: एजंटने क्रम उलटा लावलाय. आधी तुमच्या पत्नीने जायला हवं. तुम्ही मागून जा, आणि तोवर चाकणची नोकरी सोडू नका.

आता असं का म्हणतो ते. मी बरीच वर्षं स्टुटगार्टच्या परिसरात एका मध्यम आकाराच्या कारखान्यात उत्पादन नियोजनाचं काम करतो. इथे गावागावात असे कारखाने आहेत, घराण्याच्या मालकीचे, पन्नास ते तीनशे माणसांचे. बहुतेकांचं पोट इंजिन आणि गिअरबॉक्सच्या भागांवर. २०२३ आणि २०२४ अशी सलग दोन वर्षं जर्मनीची अर्थव्यवस्था आकसली. ऑगस्ट २०२५ मध्ये बेरोजगारांचा आकडा दहा वर्षांत प्रथमच ३० लाखांच्या वर गेला. फोक्सवागनने डिसेंबर २०२४ मध्ये कामगार संघटनेबरोबर २०३० पर्यंत ३५,००० जागा कमी करण्याचा करार केला. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या झेडएफने २०२४ मध्ये जर्मनीतल्या १४,००० पर्यंत जागा कमी करणार असं जाहीर केलं, तर बॉशने सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी १३,००० ची भर घातली. यातली बॉश आणि झेडएफ ही दोन नावं तुमच्या क्षेत्रातली, म्हणजे थेट तुमच्याशी संबंधित.

कारणं एकात एक गुंतलेली आहेत. रशियाचा पाइपलाइनचा स्वस्त गॅस २०२२ मध्ये बंद झाला आणि उष्णतेवर चालणाऱ्या उद्योगांचा हिशेबच कोलमडला. चीन हे जर्मन गाड्यांचं मोठं गिऱ्हाईक होतं, तिथे आता चिनी कंपन्यांच्याच विजेच्या गाड्या खपतात. अमेरिकेने २०२५ मध्ये युरोपीय गाड्यांवर १५ टक्के आयातशुल्क लावलं. आणि विजेच्या गाडीला तुम्ही डिझाइन करता तसला अनेक पायऱ्यांचा गिअरबॉक्स लागतच नाही. हे तुम्हाला मी सांगायला नको.

पण तुम्ही कदाचित एका गोष्टीकडे या बाजूने पाहिलं नसेल. इथल्या डिझाइन विभागातलं काम बंद पडतंय असं नाही, त्यातलं बरंच पुण्याला आणि बंगळूरला जातंय. तिथला अनुभवी इंजिनियर इथल्यापेक्षा कितीतरी कमी पगारात तेच मॉडेल, त्याच सॉफ्टवेअरवर करतो. म्हणजे ज्या कामाच्या शोधात तुम्ही स्टुटगार्टला येणार, ते काम स्टुटगार्टहून तुमच्या दारात येतंय. अशा वेळी पहिल्या बॅगेसकट तुम्ही इथे उतरणं मला पटत नाही.

चान्सेनकार्टचंही स्वरूप समजून घ्या. जून २०२४ पासून ही सोय आहे. शिक्षण, अनुभव, वय, भाषा यांचे किमान सहा गुण जमले की एक वर्ष राहून नोकरी शोधता येते, आठवड्याला वीस तासांपर्यंत अर्धवेळ काम करता येतं. पण वर्षभराच्या खर्चाची सोय आधी दाखवावी लागते. २०२५ च्या दराने महिना १,०९१ युरो, म्हणजे वर्षाचे रुपयांत तेरा लाखांच्या वर. त्या कार्डावर सहसा कुटुंब नेता येत नाही. आणि शोधायची ती नोकरी त्याच स्टुटगार्टमध्ये, जिथे वीस-वीस वर्षं काम केलेले, जर्मन मातृभाषा असलेले इंजिनियर कंपनीकडून भरपाई घेऊन बाहेर पडलेत आणि तेही अर्ज करतायत. तुमची जर्मन ए-टूची, म्हणजे प्राथमिक पातळीची, बरोबर ना? इंग्रजीवर चालणाऱ्या जागा होत्या, त्या मुख्यतः मोठ्या कंपन्यांत, आणि नव्या भरतीवर पहिली गदा तिथेच आली. छोट्या कारखान्यात मालक, फोरमन, गिऱ्हाईक सगळे जर्मनच बोलतात, तेही श्वाबियन, म्हणजे इथल्या बोलीच्या वळणाची.

मग माणसं कमी पडतात ती कुठे? जर्मनीत १९६४ साली साडेतेरा लाख मुलं जन्मली, दुसऱ्या महायुद्धानंतरचा तिथला उच्चांक. ती पिढी ६७ व्या वर्षी, म्हणजे २०३१ मध्ये निवृत्त होईल. तिच्या आधीची मोठी तुकडी आत्ताच निघून चाललीय. रोजगार संशोधनाच्या आयएबी या सरकारी संस्थेचा अंदाज असा की काम करणाऱ्यांची संख्या आहे तेवढी टिकवायची तर जाणारे वजा करून दरवर्षी चार लाख माणसं बाहेरून यावी लागतील. शिवाय हीच पिढी म्हातारी होणार, तिची शुश्रूषा करायला हात लागणार. म्हणून नर्स, वृद्धाश्रमातले कर्मचारी, इलेक्ट्रिशियन, हीटिंगची कामं करणारे, बसचालक, बालवाडीच्या शिक्षिका यांचा तुटवडा मंदीतही हटत नाही. आमच्याच कारखान्यात हे रोज दिसतं. ऑर्डरी कमी म्हणून काही विभागांत कुर्त्सआर्बाइट आहे, म्हणजे कामाचे तास कमी आणि बुडालेल्या निव्वळ पगारातला ६० टक्के, मूल असेल तर ६७ टक्के भाग सरकार भरून देतं. पण संगणकावर चालणारं सीएनसी मशीन स्वतः सेट करणारा कसबी माणूस निवृत्त झाला तर त्याच्या जागेची जाहिरात महिनोन्‌महिने तशीच पडून राहते. डिझाइन विभागातून बाहेर पडलेला पन्नाशीचा इंजिनियर त्या मशीनवर उभा राहत नाही आणि नर्सही होत नाही. त्याचं घर, कर्ज, मुलांची शाळा, सगळं एका गावात रुतलेलं असतं. म्हणून एकाच जिल्ह्यात तीस लाखांतले काहीजण घरी बसलेले असतात आणि शेजारच्या हॉस्पिटलात नर्स नाही म्हणून एखादा वॉर्ड बंद ठेवावा लागतो.

आता तुमच्या पत्नीचं. इथे मी जरा सविस्तर लिहितो, कारण एजंट हे सांगणार नाही.

जर्मनीत नर्स म्हणून पूर्ण हक्काने काम करायला शिक्षणाची मान्यता लागते, तिला इथे आनएर्केनुंग म्हणतात. बाडेन-व्युर्टेमबेर्गमध्ये, म्हणजे स्टुटगार्ट ज्या राज्यात आहे तिथे, ते काम स्टुटगार्टचं रेगीरुंग्सप्रेझिडियम हे कार्यालय करतं. जीएनएमच्या तीन वर्षांत कोणत्या विषयाला किती तास, कोणत्या वॉर्डात किती प्रात्यक्षिक, हे कॉलेजकडून लेखी लागतं, शिवाय महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, आणि सगळ्याचं मान्यताप्राप्त अनुवादकाकडून भाषांतर. कॉलेजच्या कारकुनाकडून तासांचा तक्ता मिळवणं हेच सगळ्यात वेळखाऊ काम आहे. ते आजच सुरू करा, भाषेच्या परीक्षेची वाट पाहू नका. मग उत्तर येतं, त्यात काय कमी पडतं ते लिहिलेलं असतं. भारतीय नर्सच्या बाबतीत बहुधा वृद्धशुश्रूषेचं प्रात्यक्षिक कमी निघतं. ते भरून काढायचे दोन मार्ग: हॉस्पिटलात काही महिन्यांचा पूरक प्रशिक्षणकाळ, किंवा ज्ञानपरीक्षा. तोवर काम करता येतं, पण मदतनीस म्हणून.

पगाराचा फरक बघा. वृद्धाश्रमांसारख्या सेवासंस्थांत जुलै २०२५ च्या दराने मदतनिसाला तासाला किमान १६.१० युरो, मान्यताप्राप्त नर्सला २०.५०. मदतनिसाच्या काळात कर आणि विमा जाऊन हातात साधारण १,८०० ते १,९०० युरो पडतात. एकटीचं नीट चालतं, पण त्यात तिघांचं भागवणं आणि मोठं घर दाखवणं जड जातं. म्हणून मान्यता मिळेपर्यंत तुम्ही आणि मुलगी पुण्यात, हा हिशेब धरा. हा काळ सहा महिन्यांचाही असतो आणि दीड वर्षाचाही. तीन वर्षांच्या मुलीला आईविना इतके दिवस ठेवायचं की नाही, हा निर्णय तुम्हा दोघांचा आणि आजी-आजोबांचा. तो मी घेऊ शकत नाही, पण त्याची चर्चा आत्ता करा, व्हिसा आल्यावर नको.

आणि काम कसं असतं तेही तिला माहीत असू दे. माझ्या ओळखीची नाशिकची एक नर्स इथल्या जिल्हा रुग्णालयात लागली. पुण्यात ती अतिदक्षता विभागात होती, सलाईन लावणं, शीर शोधणं यात तरबेज. इथे शीर शोधायला बऱ्याच ठिकाणी डॉक्टरच येतो, आणि सकाळी सहाच्या पाळीत तिचं पहिलं काम म्हणजे ऐंशीच्या आजोबांना अंघोळ घालणं, दात धुऊन देणं, कूस बदलणं, भरवणं. आपल्याकडे हे नातेवाईक किंवा मावशी करतात. इथे ते नर्सिंगचं मूळ काम मानलं जातं आणि ते करताना त्वचेवर कुठे लाली आलीय, गिळताना ठसका लागतोय का, हे टिपून लिहायचं असतं. पहिले काही महिने तिला आपलं शिक्षण वाया गेल्यासारखं वाटलं. त्याहून जड गेली रात्रपाळीकडून वॉर्ड ताब्यात घेण्याची वेळ, कारण वीसएक रुग्णांची माहिती भराभर सांगितली जाते, आणि जर्मनची बी-टू, म्हणजे ए-टूच्या दोन पायऱ्या वरची, परीक्षा पास होऊनही त्यातलं अर्धं डोक्यावरून जातं. आता ती सरावली, नवऱ्यालाही आणलं. पण हे आधी कळलं असतं तर पहिला हिवाळा सोपा गेला असता, असं ती म्हणते. पत्नीला हा परिच्छेद जरूर वाचून दाखवा.

एजंटबद्दल. नर्सकडून भरतीचा खर्च घ्यायचा नाही, तो मालकाने करायचा, ही पद्धत जर्मनीत सरकारने उचलून धरलीय. 'फेअरे आनवेर्बुंग फ्लेगे डॉइचलांड' असा सरकारी गुणवत्ता-शिक्काच आहे, तो असलेली संस्था शोधा. केरळच्या नर्स 'ट्रिपल विन' या सरकारी कार्यक्रमातून येतात, त्यात उमेदवाराला भरतीचे पैसे पडत नाहीत. आपल्याकडेही परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी असलेल्या एजंटाला ३०,००० रुपये आणि जीएसटी याच्या वर सेवाशुल्क घेता येत नाही. साडेचार लाख मागणाऱ्याला त्याचा नोंदणी क्रमांक विचारा आणि सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासा. मला त्याच्या हेतूबद्दल बोलायचं नाही, पण तो तुम्हाला जे विकतोय त्याचा अर्ज तुम्ही स्वतः भरू शकता.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेमबेर्गशी १०,००० कुशल माणसं पाठवण्याचा करार केला, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मनीने भारतीयांसाठी कुशल कामगारांच्या व्हिसांची संख्या वर्षाला २०,००० वरून ९०,००० वर नेण्याचं जाहीर केलं. दोन्हींचा एजंट दाखला देतात. पण व्हिसाची मर्यादा वाढली म्हणून नोकरी तयार होत नाही, आणि करारातून मिळते ती संधी. नेमणूकपत्र एखादं हॉस्पिटलच देतं. पत्नीला असं पत्र मिळालं तर हॉस्पिटलला व्हिसाची 'जलद प्रक्रिया' करायला सांगा. ४११ युरो शुल्क आहे, अर्ज मालक करतो, आणि कार्यालयांवर मुदतींचं बंधन येतं.

तुमचं काय? पत्नीची मान्यता झाली की तुम्ही जोडीदार म्हणून याल आणि कोणतीही नोकरी करायची पूर्ण मुभा असेल. ब्लू कार्डाला, म्हणजे उच्चशिक्षितांच्या कामाच्या परवान्याला, २०२५ मध्ये वर्षाला ४८,३०० युरो पगाराची अट होती, तुटवड्याच्या व्यवसायांत थोडी कमी. जोडीदाराला अशी अट नाही. त्यामुळे छोट्या कंपनीत कमी पगारावर शिरता येईल, तिथून वर जाता येईल. मधल्या काळात चाकणची नोकरी सांभाळत जर्मन बी-टूपर्यंत न्या, रानडे इन्स्टिट्यूट असो वा मॅक्सम्युलर भवन. आणि गिअरबॉक्स सोडून दुसरं काही हाती घ्या. इमारतींची हीटिंग आणि वायुवीजन यंत्रणा, वीजवाहिन्यांची उपकरणं, रेल्वे, अशा ठिकाणी मेकॅनिकलवाल्यांना अजून विचारतात.

स्टुटगार्टचा हट्ट धरू नका. भाडी महाग, घर मिळणं कठीण, आणि तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत अनामत द्यावी लागते. दूरच्या जिल्हा रुग्णालयांकडे बऱ्याचदा कर्मचाऱ्यांसाठी खोल्या असतात. मात्र बालवाडीची जागा आहे का, हे गाव ठरवण्याआधी विचारा. हक्क कायद्याने आहे, पण शिक्षिका नसल्याने कित्येक ठिकाणी तास कापलेत. आणि वातावरणही बघा. फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत स्थलांतराला विरोध करणारा एएफडी पक्ष २०.८ टक्के मतांनी दुसऱ्या क्रमांकावर आला. माझा रोजचा अनुभव चांगला आहे, शेजारी जीव लावणारे आहेत, पण प्रत्येक गावाला तो लागू होईल असं मी म्हणणार नाही. तिथे आधीपासून असलेल्या भारतीय नर्सशी फोनवर बोला, त्या खरं सांगतात.

शेवटचं, कराराबद्दल. अनेक हॉस्पिटलं भाषेचा आणि प्रवासाचा खर्च करतात आणि दोन-तीन वर्षांच्या आत सोडलं तर तो परत मागणारं कलम घालतात. तसं कलम असणं चुकीचं नाही, पण रक्कम किती, ती दर महिन्याला कमी होत जाते की शेवटपर्यंत तेवढीच राहते, आणि ज्ञानपरीक्षेत नापास झाल्यास काय, या तीन गोष्टी जर्मन मजकुरात लिहिलेल्या असल्याशिवाय सही करू नका. इंग्रजी प्रत केवळ माहितीसाठी असते. करार आला की नावं झाकून ते कलम मला पाठवा, मी वाचून सांगतो.