गोव्यातला डिटेक्टिव्ह लिहिताना

मनोज, तुझी तीन प्रकरणं वाचली. नायक दारुडा, घटस्फोटित, रात्रभर जागा. बरं, पण त्याचा तपासाला उपद्रव काय? नुसतं दुःख दाखवू नकोस. उधारीमुळे तो अशिलाकडून आगाऊ पैसे घेऊन बसलाय आणि म्हणून नको तो प्रश्न विचारायचं टाळतो, असं काहीतरी कर. वाचक लगेच कान टवकारेल.

दारूच द्यायची तर नीट दे. ऑगस्टच्या पावसात तुझा माणूस ताजा उराक पितो! उराक, म्हणजे काजूची पहिल्या धारेची दारू, उन्हाळ्यातला; पावसात फेणी चालेल. गोंयकार वाचक तिथेच पुस्तक मिटेल.

खुनाचं कारण कॅसिनोत कशाला शोधतोस? इथला वारसाहक्क बघ. गोव्यात सहसा नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात, त्यामुळे घर विकायला जोडीदाराची सहीही लागते. मृत्युपत्रानेसुद्धा सर्वसाधारणपणे अर्ध्याच हिश्श्याची मनासारखी वाट लावता येते, बाकीचा मुलाबाळांसारख्या हक्काच्या वारसांचा. सही न देणारी भावजय, लिस्बनहून उगवलेला चुलत भाऊ... एवढ्यात कादंबरी उभी राहते.

आणि हो, तुझा नायक संशयिताला बेड्या घालतो ते काढ. खाजगी डिटेक्टिव्हला पोलिसी अधिकार नसतात. त्यांच्यासाठीचं विधेयक 2007 मध्ये राज्यसभेत आलं, कायदा काही झाला नाही. फोनचे कॉल रेकॉर्डही त्याला हक्काने मिळत नाहीत. त्याने म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात भाजीवालीशी गप्पा माराव्यात, तिला जास्त ठाऊक असतं.

चौथं प्रकरण पाठव, पण आधी भावजयीचं वय ठरव.