पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचे ड्रमवादक निक मेसन यांच्याकडे इतकी संपत्ती कुठून आली?

मेसन यांच्या संपत्तीचा पाया रेकॉर्डविक्रीतला वाटा आणि मैफलींचे दौरे हाच आहे. रचनांच्या रॉयल्टीतून त्यांना तुलनेने कमी मिळाले असणार, कारण अल्बमांवरील श्रेयनामावली पाहिली तर बहुतेक गाणी बँडमधले त्यांचे सहकारी वॉटर्स, गिल्मोर आणि राइट यांच्या नावावर दिसतात. १९७३ च्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ची सुरुवात करणारा, हृदयाच्या ठोक्यांचा तुकडा मात्र एकट्या मेसन यांच्या नावावर आहे. बँडच्या प्रत्येक स्टुडिओ अल्बमवर असलेले ते एकमेव सदस्य आहेत, आणि मला ही गोष्ट त्यांच्या पैशांपेक्षा मोठी वाटते. २०२४ मध्ये बँडने आपल्या ध्वनिमुद्रणांचे हक्क सोनीला विकले; ही रक्कम सुमारे ४० कोटी डॉलर असल्याचे वृत्त होते. मेसन यांनी १९७७ मध्ये सुमारे ३७,००० पौंडांना घेतलेली फेरारी २५० जीटीओ ही जेमतेम ३६ गाड्यांपैकी एक आहे, आणि तिच्याच जातीची दुसरी गाडी २०१८ मध्ये लिलावात ४.८४ कोटी डॉलरना गेली. तथापि, गाडी विकली जात नाही तोवर ही किंमत कागदावरचीच असते, त्यामुळे त्यांच्या एकूण संपत्तीचे छापून येणारे आकडे अंदाज म्हणूनच वाचावेत.