वाळवंटी विमानतळावरचा थांबा

प्रश्न : एक इंजिनाच्या चार आसनी विमानाने लांबचा प्रवास आहे. वाटेत वाळवंटातल्या छोट्या विमानतळावर दुपारी इंधन भरून लगेच निघावं म्हणतो. काय सांभाळावं?

उत्तर : पहिलं म्हणजे, दुपार टाळा. धावपट्टी समुद्रसपाटीपासून २,५०० फुटांवर असेल, तर तिथलं प्रमाण तापमान, म्हणजे त्या उंचीला हिशेबासाठी धरलेलं ठरावीक तापमान, १० अंश सेल्सिअस. पारा ४० वर गेला की फरक ३० अंशांचा. दर अंशाला उंचीत साधारण १२० फुटांची भर धरली तर विरळ हवेमुळे विमान जवळपास ६,१०० फुटांवर असल्यासारखं वागतं. धाव लांबते, चढण मंदावते. चार माणसं आणि काठोकाठ टाक्या हा हट्ट तिथे चालत नाही. पुढचा टप्पा आणि राखीव, एवढंच इंधन घ्या आणि पहाटे निघा.

इंधन आहे का, पंप चालू आहे का, हे आदल्या दिवशी फोन करून विचारा. नकाशावरच्या खुणेवर विसंबू नका. कोरड्या हवेत स्थिर वीज साठते, म्हणून टाकीचं झाकण उघडण्याआधी अर्थिंगची तार जोडायची.

फ्युएल इंजेक्शनचं इंजिन बंद केल्यावर अर्ध्या तासाने सुरू करताना हमखास रुसतं. सिलिंडरवरून जाणाऱ्या नळ्यांत इंधनाची वाफ झालेली असते. उगाच स्टार्टर फिरवत बसू नका, बॅटरी उतरेल. विमानाच्या हँडबुकमधली गरम इंजिन सुरू करायची पद्धत वापरा.

पाच मिनिटांसाठी जरी उतरलात तरी विमान बांधा. वावटळ विचारून येत नाही.