मागे गेलेली हिरडी परत येते का?

प्रश्न : डॉक्टर, मी ४४ वर्षांची आहे, जालन्यात शाळेत शिकवते. वर्षभरापासून माझे वरचे डावीकडचे दात लांब दिसू लागले आहेत. सुळ्याच्या वरच्या बाजूला पिवळसर भाग उघडा पडलाय, तिथे नखाला खाच लागते. माठातलं पाणी प्यायलं तरी कळ जाते. मी दोन्ही वेळा न चुकता, कडक ब्रशने चांगले घासून दात स्वच्छ करते. तरी असं का व्हावं? सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत, त्यांना मधुमेह आहे आणि सकाळ-संध्याकाळ त्या मिसरी लावतात. त्यांचे खालचे पुढचे दात हलू लागलेत. "दात साफ केले की जास्तच हलतात, शेजारणीचं तसंच झालं," म्हणून त्या दवाखान्यात यायला तयार नाहीत. मागे गेलेली हिरडी परत येते का? तुरटी-मीठ चोळून किंवा तिळाच्या तेलाने फायदा होईल का?

उत्तर : ताई, आधी हिरडी परत येण्याबद्दल. एकदा मागे गेलेली हिरडी आपणहून पुन्हा वाढत नाही. तेल, तुरटी, पेस्ट, गोळी, कशानेच नाही. ती आहे तिथे थोपवता मात्र येते, आणि काहींच्या बाबतीत छोटी शस्त्रक्रिया करून उघडं पडलेलं मूळ झाकताही येतं. म्हणून खर्च करायचा तो हिरडी का मागे गेली हे शोधण्यावर. तुमच्या एकाच घरात त्याची दोन अगदी वेगळी कारणं दिसताहेत.

तुम्ही बहुधा उजव्या हाताने ब्रश करता. उजव्या हाताने जोरात घासणाऱ्यांच्या डाव्या बाजूचे सुळे आणि त्यामागच्या उपदाढा मी नेहमी आधी बघते. तिथे दाताची कमान वळते, मूळ बाहेरच्या बाजूला येतं, त्यावरचं हाड आणि हिरडी दोन्ही पातळ असतात, आणि ब्रश सुरू करताना हाताचा सगळा जोर तिथेच पडतो. दात स्वच्छ, रक्त नाही, सूज नाही, फक्त बाहेरच्या बाजूची हिरडी गेलेली आणि खाच पडलेली, हे चित्र कडक ब्रशचं आणि आडव्या घासण्याचं आहे. जन्मतः हिरडी पातळ असेल किंवा दात रांगेबाहेर असेल तर हे लवकर होतं. म्हणजे स्वच्छतेत तुम्ही कमी पडलेल्या नाहीत. जोर जास्त पडला आहे.

कळ का जाते तेही सांगते. दाताच्या हिरडीबाहेर दिसणाऱ्या भागावर इनॅमलचं कठीण कवच असतं, मुळावर ते नसतं. मूळ उघडं पडलं की आतल्या थरातल्या सूक्ष्म नळ्यांची तोंडं मोकळी होतात. गार पाणी लागलं की त्या नळ्यांतला द्रव हलतो आणि ते थेट नसेला कळतं.

आजच मऊ ब्रश घ्या. तो हिरडीच्या कडेशी तिरका, साधारण ४५ अंशांत टेकवा, जागच्या जागी हलकेच थरथरवा आणि मग दाताच्या टोकाकडे फिरवा. मुठीत न धरता पेनासारखा बोटांत धरलात तर जोर आपोआप कमी होतो. दोन मिनिटं पुरेत. पोटॅशियम नायट्रेट असलेली, दात शिवशिवण्यासाठीची फ्लोराइड पेस्ट रोज वापरा; गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, चार दिवसांत सोडू नका. लिंबू-सरबत किंवा चिंचेचं काही घेतलं तर लगेच ब्रश करू नका, अर्धा तास जाऊ द्या. खाच खोल असेल तर दंतवैद्य ती दाताच्या रंगाच्या सिमेंटने भरतील. उघडं मूळ कवच नसल्यामुळे लवकर किडतं, तेवढं लक्षात असू द्या.

तुरटी आणि मिठाचे खडे उघड्या मुळावर चोळू नका, राखुंडी आणि कोळशाची पूडही नको. हे सगळं खरवडतं. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांनी बरं वाटतं, त्या करा. तिळाच्या तेलाच्या गुळण्यांना माझा विरोध नाही. फक्त दातावर बसलेलं कीटण त्यांनी निघत नाही.

आता सासूबाई. मला त्यांची जास्त काळजी वाटते, आणि तुमच्या पत्रातला हा भाग मी पुन्हा पुन्हा वाचला.

खालच्या पुढच्या दातांमागे, जिभेखाली लाळेच्या ग्रंथी उघडतात. लाळेतले क्षार तिथे दातांवरच्या चिकट थरात बसतात आणि त्याचं दगडासारखं कीटण होतं. त्याच्या आधाराने जंतू हिरडीखाली उतरतात, हिरडी दातापासून सुटते, खळगा तयार होतो आणि मग आतलं हाड झिजू लागतं. निरोगी दाताभोवती ही खोली १ ते ३ मिलिमीटर असते. ४ च्या पुढे गेली की आम्ही सावध होतो. मधुमेह आटोक्यात नसेल तर हे सगळं वेगाने होतं. उलट बाजूनेही तसंच आहे : हिरड्यांचा जुना दाह साखर वर ठेवतो, आणि हिरड्यांवर नीट उपचार झाले की साखर आवरायला थोडी मदत होते. त्यात मिसरी. भाजलेली असली तरी ती तंबाखूच, आणि बोटाने जिथे रोज चोळली जाते तिथली हिरडी हटत जाते.

सफाईने दात हलतात ही भीती मी रोज ऐकते, आणि तिच्यापायी वाचण्यासारखे दात गेलेले पाहते तेव्हा फार वाईट वाटतं. सासूबाईंना एवढं सांगा : हाड आधीच गेलेलं असतं, कीटणाने ते दात एकमेकांना जखडून ठेवलेले असतात. कीटण काढलं की दाताची खरी अवस्था कळते. सूज उतरते म्हणून फटीही दिसतात. पण पुढच्या काही आठवड्यांत हिरडी घट्ट बसते आणि बरेचदा हलणं कमी होतं. फार हलणारे दात मागून बारीक तारेने एकत्र बांधता येतात. कीटण तसंच ठेवलं तर मात्र राहिलेलं हाडही जातं.

त्यांना नेताना सकाळचा नाश्ता आणि नेहमीची औषधं चुकवू नका, साखरेचा अलीकडचा रिपोर्ट बरोबर घ्या, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधीच सांगा. खर्चाची अडचण असेल तर छत्रपती संभाजीनगरचं शासकीय दंत महाविद्यालय तुम्हाला जवळ आहे. तिथे हिरड्यांचा स्वतंत्र विभाग आहे. मिसरीशिवाय पोट साफ होत नाही असं त्या म्हणतील, जवळजवळ सगळ्याच म्हणतात. ती निकोटिनची सवय असते. रागावू नका, आधी संध्याकाळची बंद करायला लावा. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत क्रमांक आहे.

शस्त्रक्रियेबद्दल. टाळूतून हिरडीचा पातळ तुकडा घेऊन तो उघड्या मुळावर बसवतात आणि आजूबाजूची हिरडी ओढून त्यावर शिवतात. दोन दातांमधलं हाड आणि हिरडी शाबूत असेल तर मूळ पूर्ण झाकलं जाण्याची आशा चांगली असते. तुमचं वर्णन त्यात बसण्यासारखं आहे, पण आधी घासण्याची पद्धत बदला, नाही तर शिवलेली हिरडीही मागे जाईल. कळ थांबली आणि दिसण्याची खंत नसेल तर शस्त्रक्रिया न करता दर सहा महिन्यांनी मोजमाप करत राहिलं तरी चालतं. सासूबाईंचं मधलं हाडच गेलं असेल तर पूर्ण झाकण्याचं वचन कुणी देऊ नये. त्यांच्या बाबतीत दात टिकवणं हेच मोठं यश.

एका गोष्टीला मात्र उशीर नको. सासूबाईंच्या गालाच्या आतून, ओठामागे आणि हिरडीवर उजेडात एकदा नीट बघा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम किंवा तोंड कमी उघडणं, यांतलं काही दिसलं तर दातांची सफाई नंतर. आधी तीच तपासणी करून घ्या.