फ्रेम कोटिंगला देण्याआधी चेसिस नंबरचं बघा

जुनी बुलेट मोटरसायकल पुन्हा उभी करण्याबद्दल प्रश्न विचारणाऱ्या तुमच्या पोस्टच्या अगदी शेवटी तुम्ही सहज लिहिलंय, "फ्रेम पुढच्या आठवड्यात पावडर कोटिंगला जातेय." सीट, वायरिंग बारा व्होल्टवर नेणं, टाकीतला गंज हे तुमचे बाकीचे प्रश्न नंतर बघू. आधी ती फ्रेम थांबवा, कारण चेसिस नंबर तिच्यावरच ठोकलेला असतो आणि या कामात (जुना रंग वाळूच्या माऱ्याने उडवायचा, म्हणजे ब्लास्टिंग, मग रंगाची पावडर मारून भट्टीत भाजायची) तो जाऊ शकतो.

तुमची परिस्थिती मला समजली ती अशी: आजोबांची १९८१ची साडेतीनशे बुलेट, बरीच वर्षं नाशिकच्या इंदिरानगरला घरामागच्या शेडमध्ये उभी. आजोबा आता नाहीत, आरसी (नोंदणी पुस्तक) अजून त्यांच्याच नावावर आहे. पंधरा वर्षांनंतरचं नोंदणीचं नूतनीकरण कधीच झालेलं नाही, आणि तुम्हाला तिची बॉबर (मडगार्ड वगैरे छाटून केलेली सुटसुटीत गाडी) करायची आहे. हे दुखणं माझ्या चांगल्या ओळखीचं आहे. माझ्याकडच्या एका गाडीची फ्रेम एका कोटिंगवाल्याने (नाव घेत नाही) नंबरासकट ब्लास्ट केली आणि वर चकचकीत काळा थर चढवून हसत हातात दिली. नंबर झाका म्हणून चिठ्ठी बांधली होती, तीही ब्लास्टिंगमध्येच उडाली असावी. त्या गाडीवर सगळ्यात जास्त पैसा आणि वेळ इंजिनाने नाही, या एका कामाने खाल्ला.

नंबर जातो कसा, ते सांगतो. त्या काळातले आकडे हाताने पंच ठोकून उमटवलेले. काही खोल, काही नुसते टेकलेले, त्यात चाळीस वर्षांचा गंज. ब्लास्टिंगची वाळू किंवा ग्रिट आधी आकड्यांच्या कडा गोल करते, आणि मग ६० ते १०० मायक्रॉनचा पावडरचा थर उरलेली खाच भरून टाकतो. उघड्या डोळ्यांना आकडे पुसट दिसतात, पण पेन्सिल प्रिंट (आकड्यांवर कागद ठेवून पेन्सिल घासून घेतलेला ठसा) काही येत नाही. आणि आरटीओच्या तपासणीला प्रिंट लागतो. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत कोटिंगची युनिटं भरपूर आहेत आणि काम स्वच्छ करतात, पण त्यातल्या बऱ्याच जणांचा हात इलेक्ट्रिकल पॅनेलच्या सपाट पत्र्यावर बसलेला. पत्रा टांगायचा, धुवायचा, पावडर मारायची, भट्टीत ढकलायचा. मोटरसायकलच्या फ्रेमवर काय झाकायचं असतं हे त्यांना माहीत असेल असं गृहीत धरू नका. मास्किंग घरूनच करून न्या.

नंबर बहुतेक जुन्या बुलेटवर हँडलच्या मानेपाशी, हेडस्टॉकवर असतो. इंजिन नंबर सहसा डाव्या क्रँककेसवर, सिलिंडरच्या बैठकीखाली. जुना रंग थिनर आणि पितळी ब्रशने काढा. तिथे ग्राइंडर किंवा एमरीचं चाक लावायचं नाही, एकदाही नाही. आकडे दिसू लागले की खडू घासा आणि टॉर्च बाजूने तिरपा धरून फोटो काढा. मग पातळ ट्रेसिंग पेपर आणि मऊ पेन्सिलीने चार-पाच प्रिंट घेऊन ठेवा. प्रत्येक अक्षर आरसीशी ताडून बघा. हाताने लिहिलेल्या जुन्या पुस्तकांत १ आणि ७, ८ आणि इंग्रजी बी यांची अदलाबदल झालेली असते. फरक निघाला तर गाडीचा एकही नट उघडण्याआधी तो निस्तरा.

मग झाकणं. ब्लास्टिंगला नुसता टेप टिकत नाही. सायकलच्या ट्यूबचा तुकडा दुहेरी करून नंबरावर ठेवा आणि वरून होज क्लिपने आवळा. भट्टीचं तापमान १८० ते २०० अंश असतं, तिथे रबर जळेल. म्हणून ब्लास्टिंग झालं की ते काढून हिरवा पॉलिएस्टर टेप लावायचा, तो ती उष्णता सहन करतो. म्हणजे ब्लास्टिंग आणि कोटिंग यांच्या मध्ये तुम्ही तिथे हजर पाहिजेत. "साहेब, आम्ही बघून घेऊ" या वाक्यावर फ्रेम सोडून येऊ नका. काम झाल्यावर त्या पट्टीवर नुसतं पातळ प्राइमर किंवा तेलाचं बोट पुरे. कोनसेटच्या (हँडलच्या मानेतल्या बेअरिंगच्या) वाट्यांच्या जागा, आट्यांची भोकं, स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा) पिन आणि अर्थिंगचा पॉइंट हेही झाका, नाहीतर वाट्या बसणार नाहीत आणि दिवे लुकलुकतील.

नंबर गेलाच तर स्वतः पंच आणून पुन्हा ठोकायचा मोह होतो. "मार्केटमध्ये करून देतात" असं सांगणारेही भेटतील. करू नका. आरटीओच्या आदेशाशिवाय नंबर ठोकणं म्हणजे छेडछाड, आणि तिथून प्रकरण पोलिसांकडे जाऊ शकतं. रीतसर मार्ग म्हणजे परवानगी घेऊन अधिकाऱ्यासमोर री-पंचिंग. कागदावर हे एका ओळीचं आहे. प्रत्यक्षात या खिडकीवर म्हणतात आधी तपासणी आणा, तपासणीवाले म्हणतात आधी आदेश आणा, आणि आदेश देणारा माणूस कायम "आत्ताच मीटिंगला गेलाय". लेखी काही देत नाहीत, तोंडी सगळे शहाणे. असो. हे टाळायला ट्यूबचा एक तुकडा पुरतो म्हणून इतकं लांबण लावलं.

खरं तर माझं मत विचाराल तर पहिल्या गाडीला पावडर कोटिंग करूच नका. दिसायला झकास, पण इंजिन माउंटिंगच्या प्लेटांवर जाड थर बसला की बोल्ट आवळल्यावर तो हळूहळू चिरडतो, बोल्ट ढिले पडतात आणि बुलेटची थरथर वाढते. एकदा टवका उडाला की पाणी आतून शिरतं, आणि वरून कळेपर्यंत गंज बराच पसरलेला असतो. पुढे वेल्डिंगची वेळ आली तर सगळा थर जाळावा लागतो. एपॉक्सी प्राइमरवर टूके पीयू (हार्डनर मिसळून मारायचा पॉलियुरेथेन) रंग मारला तर घरीही टचअप करता येतं. फक्त नाशिकच्या जुलै-ऑगस्टमध्ये घरी स्प्रे करू नका. दमट हवेत चकाकी पांढरट पडते.

आता कागद, कारण रंगाआधी कागद लागतात. मी वकील नाही, एजंटही नाही, शुल्काचे आकडे बदलत राहतात, तेव्हा ते परिवहनच्या साइटवर बघून घ्या. आजोबांच्या निधनामुळे हस्तांतरण नमुना ३१वर होतं. सोबत मृत्यू दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती. नूतनीकरण नमुना २५वर, ते पाच वर्षांसाठी मिळतं. त्यासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते, विमा, पीयूसी आणि हरित कर हेही आलंच. तीन अक्षरी जुना नंबर असेल तर नोंद ऑनलाइन असेलच असं नाही. आधी बॅकलॉग नोंद (जुन्या रजिस्टरातली नोंद संगणकावर चढवणं) करून घ्यावी लागते, त्यात जाणारा वेळ धरून चाला. क्रम असा ठेवा: गाडी मूळ रूपात चालती करायची, तपासणी आणि नाव उरकायचं, मग हौस. तपासणीला सुटे भाग आणि बॉबरचा अर्धवट सांगाडा घेऊन जाण्यात काही अर्थ नाही.

पोस्टखाली कोणीतरी तुम्हाला व्हिंटेज (जुन्या जपलेल्या गाड्यांसाठीची) नोंदणी सुचवली आहे. ती तुम्हाला लागू नाही. २०२१च्या नियमांनुसार गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असावी लागते, म्हणजे तुमची २०३१च्या आधी नाहीच. शिवाय त्या नोंदणीवर रोज ऑफिसला जाता येत नाही, फक्त प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती आणि इंधन भरण्यापुरती.

बॉबरबद्दल कडू बोलतो. फ्रेम कापू नका. मागचा लूप कापून वेल्ड केलेली बुलेट कायद्याने अडचणीत येते. गाडीतल्या बदलांबद्दलचं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच, आणि कंपनीच्या मूळ तपशिलाविरुद्ध बदल चालणार नाहीत हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये स्पष्ट केलंय. कायदा बाजूला ठेवला तरी १९८१ची न कापलेली फ्रेम पुन्हा मिळणार नाही. परत फिरवता येईल तेवढंच करा: सीट, हँडल, फूटरेस्ट, आरसे. रंग बदललात तर आरसीवर नोंद करून घ्या. मूळ मडगार्ड, हेडलाइटचं कास्केट (दिवा आणि मीटर बसतात ते कवच), टूलबॉक्स, अँपिअर मीटर हे धुऊन, तेल लावून, लेबल चिकटवून ठेवा. भंगारवाल्याला किलोवर द्याल आणि तीच वस्तू नंतर दहापट भावाने शोधत बसाल. सायलेन्सर मूळचाच असू द्या, त्यावर वाद घालायची माझी इच्छा नाही.

इंजिनाचं थोडक्यात, कारण मॅन्युअल तुमच्याकडे आहे म्हणालात. इतकी वर्षं उभ्या गाडीला किक मारू नका. पिस्टन अडकलेला असेल तर किकचं रॅचेट जाईल. स्पार्क प्लगच्या भोकातून डिझेल आणि एटीएफ (ऑटोमॅटिक गियरबॉक्सचं तेल) निम्मं-निम्मं ओता, दोन-तीन दिवस राहू द्या. मग चौथ्या गियरमध्ये मागचं चाक पुढे-मागे हलवत सोडवा. इंजिन फिरल्यावर तेल काढायचे तळाचे प्लग उघडा. उभ्या बुलेटमध्ये तेलाच्या टाकीतलं इंजिन ऑइल झिरपून क्रँककेसमध्ये उतरतं, आणि तसंच सुरू केलं तर गल्लीभर धूर. तेल साधारण सव्वादोन लिटर, २०डब्ल्यू-५०. सुरू केल्यावर वर रॉकरकडे (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्यांकडे) जाणाऱ्या तेलाच्या पाइपचा बोल्ट जरा सैल करून तेल येतंय का बघा. येत नसेल तर लगेच बंद. टायमिंग कव्हर उघडलं की आतलं कॉर्कचं सील नवीनच घाला, आणि तेल पंप फिरवणारा वर्म (मळसूत्री गियर) उलट्या आट्यांचा आहे हे लक्षात असू द्या. भलत्या बाजूला जोर लावून तो तोडणारे बरेच आहेत.

सिलिंडर घासून मोठा करायची, म्हणजे बोअर करायची, वेळ आली तर पिस्टन आधी विकत घ्या आणि तो लेथवाल्याच्या हातात द्या. मूळ बोअर ७० मिमी. "मोठ्या मापावर बोअर करून ठेवतो, पिस्टन नंतर आणा" म्हणणाऱ्याकडे ब्लॉक ठेवू नका. प्रत्येक पिस्टन मोजूनच त्याच्याभोवतीची फट ठरते. टॅपेट (व्हॉल्व्हची फट ठरवणारे स्क्रू) थंड इंजिनावर, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला असताना बसवायचे. फट शून्य, पण पुशरॉड (व्हॉल्व्हकडे जाणारी उभी सळई) दोन बोटांनी फिरला पाहिजे. पॉइंटची (ठिणगीसाठी उघड-मीट करणाऱ्या संपर्कांची) फट ०.३५ ते ०.४० मिमी. टायमिंगसाठी ऑटो-अॅडव्हान्स (वेगाबरोबर ठिणगी आधी पाडणारी वजनं) मिटलेला असताना पिस्टन वरच्या टोकाच्या ०.८ मिमी आधी पॉइंट उघडायला लागावेत. जुन्या नट-बोल्टचे आटे ब्रिटिश मापाचे आहेत, १२-१३चा पाना वापरून कडा गोल करू नका. आणि न बसणारा मिलिमीटरचा बोल्ट कसाबसा पिळून बसवणारा मेकॅनिक दिसला तर गाडी तिथून उचला.

टाकी इलेक्ट्रोलिसिसने साफ होते. पेट्रोल पूर्ण काढा, धुवा, दोन दिवस उघडी ठेवा. मग लिटरला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा, चार्जरची निगेटिव्ह टाकीला, पॉझिटिव्ह मधोमध लटकवलेल्या साध्या लोखंडी सळईला. सळई टाकीला टेकू देऊ नका. स्टेनलेसची सळई घेऊ नका, त्यातून विषारी क्रोमियम निघतं. हायड्रोजन सुटतो, तेव्हा हे अंगणात करायचं आणि जवळ विडी-काडी नको. टाकीला आतून लावायचं सीलर घेताना इथेनॉल चालतं का हे विचारा. आताच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये स्वस्त सीलर साल सुटल्यासारखं निघतं आणि कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसतं. पेट्रोलचा पाइप आणि कॉकचं रबरही बदलाच.

गाडी सहावरून बारा व्होल्टवर न्यायची का, याचं उत्तर हो, पण अर्धवट नको. स्टेटर (वीज तयार करणारं वेटोळं), रेग्युलेटर-रेक्टिफायर (ती वीज बॅटरीजोगी करणारा डबा), कॉइल, बॅटरी, हॉर्न आणि सगळे बल्ब एकदम बदलायचे. नुसते बल्ब आणि बॅटरी बदलून चालेल असं कोणी सांगितलं तर त्याला आधी त्याच्या गाडीचा हेडलाइट रात्री त्र्यंबक रोडला दाखवायला सांगा.

एक शेवटचं, कारण तुम्ही सध्या पल्सर (डाव्या पायाला गियर, उजव्याला ब्रेक) चालवता म्हणालात. या गाडीचा गियर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला आहे. पहिला गियर वर, बाकी तीन खाली, आणि टाचेखालची न्यूट्रल फाइंडरची पट्टी पहिला सोडून कुठल्याही गियरमधून न्यूट्रल देते. सवय नसलेला पाय अचानक थांबायच्या वेळी ब्रेक समजून गियर दाबतो. पुढचा ड्रम ब्रेकही डिस्कच्या भरवशाचा नाही. आधी मोकळ्या मैदानावर हात आणि पाय बसू द्या, मग द्वारका चौकात जा.